आधी पाणी समजून घ्या

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला नॅचरल कन्व्हेक्शनचं एक प्रॅक्टिकल असतं. उंच पेटीत पितळेची उभी नळी, नळीच्या आत हीटर, अंगावर ठरावीक अंतराने बसवलेले थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा. हीटर चालू करायचा, तापमान स्थिर होईपर्यंत तास-दीड तास थांबायचं आणि मग रीडिंग घ्यायची. थांबायच्या त्या वेळात मी मुलांना पेटीच्या तळाशी उदबत्ती धरायला सांगत असे. धूर नळीच्या कडेने सरसर वर चढायचा. पंखा नाही, पंप नाही, तरी हवा वाहते आणि नळीला थंड करते, हे डोळ्यांनी दिसलं की पुस्तकातलं समीकरण मुलांना आपलं वाटू लागतं.

एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, ही पेटी सॅटेलाइटमध्ये ठेवली तर रीडिंग काय येतील?" तापलेली हवा आपोआप किती जोरात वाहील हे ग्रॅशॉफ संख्येवरून कळतं, तिचं सूत्र मी फळ्यावर लिहिलं. त्यात अंशस्थानी g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग आहे. g जवळजवळ शून्य धरला की संख्याही शून्याकडे जाते. म्हणजे हवा हलणार नाही, नळी तापत जाईल. "तिथे पंखा लावावा लागतो," असं सांगून मी पुढचं गणित घेतलं. उत्तर चुकीचं नव्हतं, पण फार अपुरं होतं. आज भारत स्वतःचं अंतराळ स्थानक बांधायला निघाला असताना तो प्रश्न मला वारंवार आठवतो. देश म्हणूनही आपण त्याला तेवढंच उत्तर देऊन पुढे सरकू, अशी मला भीती वाटते.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवली आणि भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या मोड्यूलला मंजुरी दिली. कार्यक्रमाचा एकूण निधी २०,१९३ कोटी रुपये झाला. पहिलं मोड्यूल २०२८ मध्ये आणि पाच मोड्यूलचं पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असं उद्दिष्ट आहे. हा लोकांचा पैसा आहे, म्हणून त्या स्थानकात नेमकं काय करायचं हा प्रश्नही लोकांचाच आहे. माझं म्हणणं असं की तिथली पहिली प्रयोगजागा द्रव आणि उष्णतेच्या अभ्यासाला मिळाली पाहिजे, आणि ती आराखड्याच्या टप्प्यातच राखून ठेवली पाहिजे. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं. जमिनीवरच्या तुलनेत ते तिथेही सुमारे ८९ टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण यान, माणसं, पाणी, हवा सगळं मिळून एकाच वेगाने पृथ्वीभोवती 'पडत' असतं. लिफ्टचा दोर तुटला तर आतल्या माणसाचं वजन काट्यावर दिसणार नाही, तसंच. फरक इतकाच की यानाला आडवा वेग एवढा असतो की पडता पडता जमीन कधी येतच नाही. वरच्या विरळ हवेचा अडथळा, यंत्रांची थरथर, माणसांची ये-जा यामुळे जमिनीवरच्या g च्या साधारण दशलक्षांशाएवढा प्रवेग उरतोच. म्हणून 'शून्य गुरुत्व' म्हणण्यापेक्षा 'सूक्ष्मगुरुत्व' म्हणणं बरोबर.

आता घरातल्या स्वयंपाकघरात पाहा. पातेल्याच्या तळाचं पाणी तापून हलकं होतं, वर येतं, वरचं गार पाणी खाली जातं. उकळी फुटली की वाफेचे बुडबुडे तळ सोडून पृष्ठभागावर येऊन फुटतात. समईची ज्योत टोकदार असते, कारण तापलेली हवा वर ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा येते. आपल्याकडे स्थिर चित्ताला वारा नसलेल्या जागी तेवणाऱ्या दिव्याची उपमा देतात. खरं तर असा दिवाही स्वतःभोवती वारा निर्माण करतच असतो, तोच वारा त्याला जगवतो. हे सगळं हलकं-जड या भेदावर चालतं, आणि कक्षेत तो भेद उरत नाही.

जून १९९२ मध्ये कोलंबिया शटलवर बंद पेटीत मेणबत्त्या पेटवून पाहिल्या. ज्योत गोल झाली, अर्ध्या चेंडूसारखी, फिकट निळी, जेमतेम दिसेल अशी. काजळी नाही, पिवळा उजेड नाही. ऑक्सिजन वाहत येत नव्हता, तो फक्त विसरणाने, कण कण पसरत पोहोचत होता. पुढे आंतरराष्ट्रीय स्थानकावर हेप्टेन या द्रव इंधनाचे थेंब जाळण्याच्या प्रयोगात याहून वेगळं काही सापडलं: दिसणारी ज्वाला विझल्यावरही थेंब आकसत राहिला, म्हणजे कमी तापमानाचं, डोळ्यांना न दिसणारं ज्वलन चालूच होतं. या 'थंड ज्वाला' २०१२ मध्ये जगासमोर आल्या. इंजिनातल्या ज्वलनाचं रसायन समजून घ्यायला हे निरीक्षण महत्त्वाचं आहे, आणि इतका मोठा एकटा थेंब जमिनीवर अधांतरी ठेवून असा जाळता येत नाही.

यात सुरक्षेचा भागही आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये मीर स्थानकावर ऑक्सिजन तयार करणाऱ्या डब्याला आग लागली. आत सहा माणसं होती आणि धूर सगळीकडे भरला. घरात धूर छताशी जातो, म्हणून धूरशोधक छताला लावतात. स्थानकात छत आणि जमीन हा भेदच नाही, धूर पंख्याच्या वाऱ्यासोबत जाईल तिकडे जातो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय स्थानकावर धूरशोधक वायुवीजनाच्या मार्गात बसवलेले आहेत आणि आग लागली की आधी पंखे बंद करतात. हे नियम गगनयानात आणि आपल्या स्थानकात आपल्याला स्वतः तपासून बसवावे लागतील. दुसऱ्याच्या यानाचे नियम आपल्या यानाला तंतोतंत लागू पडतीलच असं नाही, कारण प्रत्येक यानात हवा वेगळ्या वाटेने फिरते.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा आधार मात्र पाण्याची एक घटना आहे.

१६ जुलै २०१३. इटलीचे अंतराळवीर लुका पार्मितानो आंतरराष्ट्रीय स्थानकाबाहेर काम करत होते. पाऊण तास झाला असेल, त्यांना डोक्यामागे ओलं लागू लागलं. आधी वाटलं पिण्याच्या पिशवीतून गळत असेल. मग पाणी वाढत गेलं. जमिनीवर हेल्मेटमध्ये पाणी आलं असतं तर ते मानेवरून खाली ओघळलं असतं. तिथे ते डोक्याला चिकटून पसरत पुढे आलं, कान झाकले, डोळे झाकले, नाकापर्यंत पोहोचलं. हात लावून पुसता येत नाही, मान झटकून पडत नाही. त्यातच स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलं. नीट दिसत नाही, आवाज नीट ऐकू येत नाही अशा अवस्थेत ते कमरेच्या सुरक्षा दोराचा ताण चाचपत दारापर्यंत आले. हेल्मेटमध्ये सुमारे दीड लिटर पाणी साठलं होतं.

हे पाणी आलं कुठून? पोशाखाच्या शीतकरण यंत्रणेतून. बाहेर काम करताना शरीराची उष्णता हवेत जाऊ शकत नाही, म्हणून अंगालगतच्या बारीक नळ्यांतून पाणी खेळवतात. हवा आणि पाणी वेगळं करणाऱ्या फिरत्या विभाजकाची छिद्रं गाळाने बुजली आणि पाणी हवेच्या मार्गात शिरलं. बिघाड एवढाच. पण नासाच्या चौकशी अहवालात मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी आहे. आठवडाभर आधी, ९ जुलैच्या फेरीनंतरही त्याच हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं आणि दोष पिशवीवर टाकून विषय मिटवला गेला होता. हवेच्या वाटेने आलेलं पाणी भारहीनतेत डोक्याभोवती कसं वागेल, याचा विचार कुणी केलाच नव्हता, असं त्या अहवालाने मूळ कारणांमध्ये नोंदवलं. पन्नास वर्षांचा अनुभव असलेली संस्था, जगातले उत्तम अभियंते, आणि राहून गेलं ते पाण्याचं भौतिकशास्त्र.

पाणी असं का चिकटतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक द्रवात पृष्ठताण आणि वजन यांची ओढाताण चालू असते. जमिनीवर पाण्यासाठी या दोघांची बरोबरी साधारण २.७ मिलिमीटरला होते. त्याहून लहान थेंब पृष्ठताणाचं ऐकतो आणि गोल राहतो, मोठा झाला की वजनाने चपटा होऊन पसरतो. अळूच्या पानावरचा मोती आणि फरशीवर सांडलेलं पाणी यांच्यात एवढाच फरक आहे. g दशलक्षांश झाला की ही सीमा हजारपट सरकते, म्हणजे हिशेबाने जवळजवळ पावणेतीन मीटर. घागरभर पाणी, टाकीभर इंधन, सगळं पानावरच्या मोत्यासारखं वागू लागतं. ओल्या होणाऱ्या भिंतीवर ते चढतं, कोपऱ्यांत घुसतं. याच गुणाचा उपयोग करून अमेरिकेचे अंतराळवीर डॉन पेटिट यांनी २००८ मध्ये स्थानकावर प्लॅस्टिकच्या जाड कागदाची घडी घालून कॉफीचा पेला केला. त्याला एका बाजूला तीक्ष्ण कोपरा होता. कोपऱ्यातून कॉफी आपोआप ओठांपर्यंत चढत येत असे. पेला साधा दिसतो, पण त्यामागे पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या मार्क वाइस्लोगेल यांच्यासारख्यांचा केशिकत्वाचा, म्हणजे द्रवाच्या अशा आपोआप चढण्याचा, अनेक वर्षांचा अभ्यास आहे, आणि तोच अभ्यास इंधनाच्या टाक्यांना लागू पडतो.

इंधनाच्या टाकीची गोष्ट तर अपोलोच्या काळापासूनची. रॉकेटचा वरचा टप्पा कक्षेत पोहोचून इंजिन बंद झालं की टाकीतला द्रव हायड्रोजन कुठे असेल? तोटी खाली आहे, पण 'खाली' म्हणजे काय तेच उरलेलं नाही. इंजिन पुन्हा पेटवताना तोटीपाशी द्रवाऐवजी वायू असेल तर काम बिघडलं. हे पाहण्यासाठी अमेरिकेने ५ जुलै १९६६ रोजी एक अख्खं सॅटर्न रॉकेट उडवलं, टाकीत कॅमेरा बसवून. चंद्रावर जाण्याची घाई, रशियाशी स्पर्धा, आणि तरीही एक पूर्ण उड्डाण केवळ द्रव कसा बसतो हे बघायला! हा निर्णय घेणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि तरीही एक धागा सुटलाच. अपोलो १३ या चंद्रमोहिमेच्या यानातल्या ऑक्सिजन टाक्यांमध्ये हीटर होते. भारहीनतेत तापलेला ऑक्सिजन हीटरभोवतीच थरासारखा राहतो, त्यामुळे टाकीत किती ऑक्सिजन आहे याचं रीडिंग चुकतं. उपाय म्हणून टाकीत पंखे बसवले होते, अधूनमधून ढवळायला. १३ एप्रिल १९७० ला ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने ढवळायला सांगितलं, पंखे सुरू झाले आणि दीडेक मिनिटात दुसऱ्या क्रमांकाची टाकी फुटली. तारांचं आवरण उड्डाणाआधीच जमिनीवरच्या चाचणीत जळलं होतं, दोष तिथला होता. पण टाकीत पंखा आणि तारा होत्याच मुळी उष्णता आपोआप फिरत नाही म्हणून. नंतरच्या टाक्यांतून ते पंखे काढून टाकले. पुढच्याच मोहिमेत, अपोलो १४ मध्ये, चंद्रावरून परतताना उष्णतेच्या वहनाचे छोटे प्रयोग केले गेले आणि गुरुत्व नसतानाही पृष्ठताणातल्या फरकामुळे द्रव फिरू शकतो हे दिसून आलं. मारांगोनी प्रवाह म्हणतात तो हा. g शून्य केला की सगळं थांबतं, हे माझं फळ्यावरचं उत्तर अपुरं होतं ते इथे.

'तिथे पंखा लावावा लागतो' या उत्तराची किंमत वजनात मोजावी लागते. अवकाशात उष्णता शेवटी फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर टाकता येते. आंतरराष्ट्रीय स्थानकात आतून पाणी आणि बाहेरून अमोनिया पंपाने फिरवतात, मोठमोठ्या रेडिएटरमधून उष्णता सोडतात. ३१ जुलै २०१० ला अमोनियाचा एक पंप बंद पडला आणि अर्धी शीतकरण क्षमता गेली. तो बदलायला तीन वेळा बाहेर पडावं लागलं. आता, उकळणारा द्रव तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतो, हे प्रेशर कुकरची वाफ भाजलेल्या कुणालाही पटेल. मग अमोनिया उकळू का देत नाहीत? कारण बुडबुडे तिथे वर जात नाहीत. ते तापलेल्या भिंतीला चिकटून मोठे होतात, वाफेचं पांघरूण तयार होतं आणि खालचा धातू जळू शकतो. किती वेगाने द्रव वाहिला तर बुडबुडा सुटेल, हे खात्रीने सांगता येत नव्हतं, म्हणून सुरक्षित पण जड मार्ग निवडला. परड्यू विद्यापीठाचा उकळत्या प्रवाहाचा प्रयोग स्थानकावर पोहोचला तो २०२१ मध्ये.

आता आपल्याकडे येऊ. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, देशभर आनंद झाला, मलाही झाला. त्यांच्यासोबत सात भारतीय प्रयोग होते: सूक्ष्म शैवालं, सायनोबॅक्टेरिया, मेथी-मुगाचे मोड, पिकांचं बियाणं, स्नायूंच्या पेशी, टार्डिग्रेड नावाचे चिवट सूक्ष्मजीव, आणि संगणकाच्या पडद्याचा डोळ्यांवर व मनावर होणारा परिणाम. सगळे प्रयोग चांगले. पण द्रव किंवा उष्णतेच्या भौतिकशास्त्रावर एकही नाही. १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ वर गेले तेव्हा पदार्थ वितळवण्याचे प्रयोग त्यांच्या कामात होते. जानेवारी २००७ मध्ये इस्रोची परत येणारी कुपी १२ दिवस कक्षेत राहून बंगालच्या उपसागरात उतरली, तिच्यातही भट्टी होती. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. फक्त तिची सलग परंपरा झाली नाही.

काही जण म्हणतील, हे सगळं इतरांनी करून झालंय, आपण का उगाळायचं? अर्धं खरं आहे. नासाने भौतिक प्रयोगांची पुष्कळ आकडेवारी सर्वांना खुली ठेवली आहे आणि आपल्या कॉलेजांनी ती आजपासून वापरावी, त्याला स्थानक लागत नाही. पण आपली टाकी, आपला पोशाख, आपला लघवी शुद्ध करणारा संच यांचे आकार आणि पृष्ठभाग वेगळे असणार, आणि द्रवाचं सगळं वागणं पृष्ठभागावरच ठरतं. चीनने हे ओळखलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी सोडलेल्या मंगत्येन मोड्यूलमध्ये द्रवांसाठी आणि ज्वलनासाठी स्वतंत्र कपाटं आहेत.

कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करा, असंही सुचवलं जातं. मी आयुष्यभर ती समीकरणं शिकवली, म्हणून सांगतो: उकळण्याची आपली सूत्रं प्रयोगांच्या आकड्यांवर बसवलेली आहेत आणि ते आकडे g = ९.८ असतानाचे आहेत. थेंबाची कडा धातूवर कशी सरकेल, बुडबुडा नेमका कुठे जन्मेल, हे कॉम्प्युटरला कुणीतरी मोजून सांगावं लागतं.

माणूस पाठवण्याची गरज काय, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. द्रव-उष्णतेच्या बहुतेक प्रयोगांना माणूस लागत नाही. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर प्रयोगमंच म्हणून वापरण्याची इस्रोची कल्पना फार सुंदर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर २४ उपकरणं होती आणि चवळीच्या बिया तिथेच अंकुरल्या. त्या मंचावर दर वेळी उकळणाऱ्या द्रवाची एक पेटी असावी, मुंबई-पुण्याच्या किंवा कोल्हापूर-नांदेडच्या एखाद्या कॉलेजने बनवलेली. माणसाच्या स्थानकाची वाट बघायचं कारण नाही. स्थानकात जागा आजच मागायची ती एवढ्यासाठी की प्रयोगाच्या कपाटाला वीज, थंड पाण्याची जोडणी, ज्वलनासाठी सीलबंद कोठी आणि धूर बाहेर सोडायची नळी लागते. मोड्यूलची भिंत तयार झाल्यावर ती पाडून हे बसवता येत नाही.

याची तयारी जमिनीवर होते. जर्मनीत ब्रेमेनला १४६ मीटरचा मनोरा आहे. आतली हवा काढून त्यात प्रयोग सोडतात, ४.७ सेकंद भारहीनता मिळते, विद्यार्थ्यांच्या गटांनाही तिथे संधी असते. आयआयटी मद्रासच्या ज्वलन संशोधन केंद्रात अडीच सेकंदांचा मनोरा आहे. उंची लागते सुमारे दहा मजल्यांची. एवढ्या मोठ्या देशाला असे आणखी चार-पाच मनोरे परवडणार नाहीत, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. महाराष्ट्रात एक तरी हवा.

आणि एका सेकंदाला तर पाचच मीटर पुरतात. दोन मजल्यांचा जिना कुठल्या कॉलेजात नसतो? काचेच्या छोट्या बाटलीत अर्धं रंगीत पाणी, समोर दिवा आणि मोबाइल कॅमेरा, हे सगळं एका खोक्यात. ते खोकं आणखी एका मोठ्या खोक्यात मोकळं ठेवायचं, म्हणजे हवेचा अडथळा बाहेरचं खोकं झेलतं. खाली जाड फोम. सोडल्यावर पावसेकंदाच्या आत पाण्याचा सपाट पृष्ठभाग वाकतो आणि पाणी काचेवर चढू लागतं. त्या मुलीला मी हे त्याच दुपारी करून दाखवू शकलो असतो. आमच्या प्रयोगशाळेच्या बाहेरच तो जिना होता.